ऑक्साइड आंतरपृष्ठांवरील विषमदिक् अतिसंवाहकता

ऑक्साइड आंतरपृष्ठांवरील विषमदिक् अतिसंवाहकता म्हणजे दोन ऑक्साइड पदार्थ जेथे एकमेकांना भिडतात, तेथील काही नॅनोमीटर जाडीच्या थरात आढळणारे इलेक्ट्रॉनांचे दिशासापेक्ष वर्तन होय. अशा थराचा विद्युत रोध, त्याचे अतिसंवाहकतेचे क्रांतिक तापमान आणि अतिसंवाहकता नष्ट करणारे चुंबकीय क्षेत्र ही तिन्ही दिशेवर अवलंबून असू शकतात. या घटनेचा अभ्यास मुख्यतः लँथॅनम ॲल्युमिनेट व स्ट्राँशियम टायटॅनेट यांच्या आंतरपृष्ठावर, तसेच पोटॅशियम टँटालेट या स्फटिकाच्या निरनिराळ्या पृष्ठांवर झाला आहे.

या विषयात ‘दिशा’ हा शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी येतो. पहिली दिशा स्फटिक ज्या प्रतलात कापला आहे त्याची, दुसरी त्या प्रतलातून वाहणाऱ्या विद्युत प्रवाहाची आणि तिसरी बाहेरून लावलेल्या चुंबकीय क्षेत्राची. पहिली व तिसरी यांचे परिणाम स्फटिकरचना आणि थराची जाडी यांवरून बऱ्याच अंशी समजावून देता येतात. दुसऱ्या दिशेचा परिणाम मात्र वादाचा विषय ठरला आहे. कारण सममितीच्या नियमानुसार जेथे रोध सर्व दिशांना सारखा असायला हवा, अशा पृष्ठावरही तो प्रवाहाच्या दिशेनुसार बदललेला आढळला आहे.

## पार्श्वभूमी

स्ट्राँशियम टायटॅनेट, लँथॅनम ॲल्युमिनेट आणि पोटॅशियम टँटालेट हे तिन्ही पदार्थ पेरोव्हस्काइट कुळातील असून शुद्ध अवस्थेत विद्युत निरोधक आहेत. २००४ साली आकिरा ओहतोमो आणि हॅरोल्ड ह्वांग यांनी स्ट्राँशियम टायटॅनेटच्या स्फटिकावर लँथॅनम ॲल्युमिनेटचा पातळ थर वाढवला, तेव्हा दोन निरोधकांच्या सीमेवर उत्तम संवाहक थर निर्माण झाल्याचे दिसले. टायटॅनियम ऑक्साइडचा स्तर आणि लँथॅनम ऑक्साइडचा स्तर एकमेकांना भिडतात अशाच सीमेवर हा परिणाम मिळतो. २००६ साली असे दाखवण्यात आले की, वरच्या थराची जाडी किमान चार एकक कोष्ठिकांइतकी झाल्याशिवाय सीमा संवाहक होत नाही.

स्ट्राँशियम टायटॅनेटच्या सलग स्फटिकात बाहेरून इलेक्ट्रॉन मिसळले असता तो अतिशय कमी तापमानाला अतिसंवाहक होतो, हे १९६४ पासून ज्ञात होते. २००७ साली जिनिव्हा आणि ऑग्सबर्ग येथील संशोधकांनी या आंतरपृष्ठावरही सुमारे २०० मिलिकेल्विन तापमानाला अतिसंवाहकता आढळल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, स्फटिकाच्या मागील बाजूस विद्युत दाब देऊन ही अतिसंवाहकता चालू किंवा बंद करता येते हेही सिद्ध झाले. दाबानुसार इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते. त्याबरोबर क्रांतिक तापमान आधी वाढते, कमाल मूल्य गाठते आणि नंतर उतरते. आलेखावर हा आकार घुमटासारखा दिसतो.

पोटॅशियम टँटालेटच्या (००१) पृष्ठावर २०११ साली आयनिक द्रवाच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन गोळा करण्यात आले आणि सुमारे ५० मिलिकेल्विन तापमानाला अतिसंवाहकता मिळाली. त्यानंतर दहा वर्षे या पदार्थात विशेष प्रगती दिसली नाही. २०२१ साली अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील आनंद भट्टाचार्य यांच्या गटाने त्याच पदार्थाचे (१११) पृष्ठ निवडले व त्यावर युरोपियम ऑक्साइड किंवा लँथॅनम ॲल्युमिनेट यांचा थर दिला. तेव्हा क्रांतिक तापमान २.२ केल्विनपर्यंत गेले. हे तापमान लँथॅनम ॲल्युमिनेट–स्ट्राँशियम टायटॅनेट आंतरपृष्ठाच्या सुमारे दहापट आहे. तशाच पद्धतीने बनवलेली (००१) आंतरपृष्ठे मात्र २५ मिलिकेल्विनपर्यंत थंड करूनही अतिसंवाहक झाली नाहीत. त्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी (११०) पृष्ठावर सुमारे ०.९ केल्विन क्रांतिक तापमान असलेली अतिसंवाहकता नोंदवली.

## स्फटिक कापण्याची दिशा

पोटॅशियम टँटालेटची एकक कोष्ठिका घनाकार असते. घनाच्या बाजूला समांतर काप घेतला तर (००१) पृष्ठ मिळते आणि त्यावर अणूंची मांडणी चौरस असते. समोरासमोरील दोन कडांमधून तिरपा काप घेतला तर (११०) पृष्ठ मिळते व मांडणी आयताकृती होते. घनाचा एक कोपरा कापून टाकला तर (१११) पृष्ठ उघडे पडते आणि त्यावरील मांडणी त्रिकोणी असते. म्हणून (००१) पृष्ठ ९० अंशांतून फिरवले, (१११) पृष्ठ १२० अंशांतून फिरवले आणि (११०) पृष्ठ १८० अंशांतून फिरवले, की ते पूर्ववत दिसते.

आंतरपृष्ठावरील इलेक्ट्रॉन टायटॅनियम किंवा टँटलम अणूंच्या तीन डी-कक्षकांत राहतात. प्रत्येक कक्षक एका प्रतलात पसरलेला असतो. म्हणून त्यांना एक्सवाय, वायझेड आणि झेडएक्स अशी नावे आहेत. आपल्या प्रतलातील दोन दिशांना इलेक्ट्रॉन सहज सरकतो, म्हणजेच त्याचे परिणामी वस्तुमान कमी असते. प्रतलाला लंब असलेल्या तिसऱ्या दिशेला तो जड होतो. सलग स्फटिकात तिन्ही कक्षकांचे स्थान समान असल्याने हा भेद एकूण परिणामात दिसत नाही.

आंतरपृष्ठावर इलेक्ट्रॉन पातळ थरात कोंडले जातात आणि कोंडले जाण्याच्या दिशेला जो कक्षक जड असतो त्याची ऊर्जा कमी राहते. (००१) पृष्ठावर हा मान एक्सवाय कक्षकाला मिळतो आणि उरलेले दोन वरच्या ऊर्जेला जातात. (११०) पृष्ठावर क्रम उलटतो: वायझेड आणि झेडएक्स खाली येतात. (१११) पृष्ठ तिन्ही कक्षकांकडे सारख्याच कोनातून पाहते, त्यामुळे तिघांची ऊर्जा समान राहते. अशा रीतीने स्फटिकाचा काप निवडणे म्हणजे इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षकांत राहतील हे निवडणे होय.

पोटॅशियम टँटालेटचे क्रांतिक तापमान (१११) पृष्ठावर सर्वाधिक, (११०) वर मध्यम आणि (००१) वर नगण्य असते. आर्गॉनच्या गटाने २०२३ साली यासाठी एक स्पष्टीकरण मांडले. हा स्फटिक विद्युत-ध्रुवीय होण्याच्या उंबरठ्यावर असतो, पण पुंज चढउतारांमुळे तो कधीच ध्रुवीय होत नाही. म्हणून त्यातील एक विशिष्ट जालककंपन अत्यंत मृदू राहते. या प्रस्तावानुसार हे कंपन इलेक्ट्रॉनांना एका कक्षकातून दुसऱ्या कक्षकात नेऊन त्यांच्या जोड्या जमवते. कक्षकांची ऊर्जा जितकी सारखी, तितका हा परिणाम प्रबळ. (१११) वर तीन कक्षक समान ऊर्जेचे, (११०) वर दोन आणि (००१) वर खालच्या पातळीला एकच; हा क्रम क्रांतिक तापमानांच्या क्रमाशी जुळतो.

## चुंबकीय क्षेत्राची दिशा

अतिसंवाहक थर खरोखर द्विमितीय आहे की नाही, हे तपासण्याची नेहमीची पद्धत म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा कोन बदलत जाणे. क्षेत्र थराला लंब असेल तर थरात चुंबकीय भोवरे शिरतात आणि लहानशा क्षेत्रानेही अतिसंवाहकता संपते. क्षेत्र थराला समांतर असेल तर पातळ थरात भोवऱ्यांना जागाच मिळत नाही, म्हणून अतिसंवाहकता कितीतरी मोठे क्षेत्र सहन करते. क्रांतिक तापमानाच्या जवळ लंब क्रांतिक क्षेत्र तापमानाच्या फरकाच्या समप्रमाणात बदलते, तर समांतर क्रांतिक क्षेत्र त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. या दोन मूल्यांवरून थराची जाडीही काढता येते. लँथॅनम ॲल्युमिनेट–स्ट्राँशियम टायटॅनेट आंतरपृष्ठासाठी ती सुमारे १० नॅनोमीटर येते. इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा विस्तार याच्या कित्येक पट असल्याने थर द्विमितीय ठरतो.

समांतर क्षेत्राला आणखी एक मर्यादा असते. जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे परिवलन, अर्थात स्पिन, परस्परविरुद्ध असते आणि पुरेसे मोठे क्षेत्र त्या दोघांना एकाच दिशेला वळवून जोडी फोडते. साध्या अतिसंवाहकासाठी ही मर्यादा क्रांतिक तापमानाच्या दर केल्विनला सुमारे १.८४ टेस्ला इतकी येते. ऑक्साइड आंतरपृष्ठांवर ही मर्यादा ओलांडली जाते. याचे कारण परिवलन-कक्षा युग्मनात शोधले जाते: थराच्या वर आणि खाली वेगवेगळे पदार्थ असल्याने इलेक्ट्रॉनाचे परिवलन त्याच्या गतीच्या दिशेशी बांधले जाते व बाह्य क्षेत्राला ते सहज वळवता येत नाही. टायटॅनियमचा अणुक्रमांक २२ आणि टँटलमचा ७३ असल्याने पोटॅशियम टँटालेटमध्ये हे युग्मन कितीतरी अधिक तीव्र असते.

## प्रवाहाची दिशा आणि सममितीचा नियम

प्रतलातील रोध प्रवाहाच्या दिशेनुसार बदलत असेल, तर तो कोनानुसार कसा बदलेल याचे एक साधे सूत्र आहे. चुंबकीय क्षेत्र नसताना आणि प्रवाह लहान असताना रोधकता म्हणजे एक स्थिर संख्या अधिक कोनाच्या दुपटीच्या कोसाइनला अनुसरणारा भाग, एवढीच असू शकते. हा दुसरा भाग १८० अंशांत पूर्ववत होतो. १२० किंवा ९० अंशांत तो पूर्ववत होत नाही.

(१११) पृष्ठ १२० अंशांतून फिरवले तर ते तंतोतंत पहिल्यासारखे दिसते. म्हणून त्याची रोधकताही तीच राहिली पाहिजे. ही अट पूर्ण व्हायची असेल तर सूत्रातील दुसरा भाग शून्य असणे भाग आहे. (००१) पृष्ठालाही ९० अंशांच्या सममितीमुळे हाच निष्कर्ष लागू पडतो. फेर्मी पृष्ठ षटकोनी असो वा ताऱ्याच्या आकाराचे, या निष्कर्षात फरक पडत नाही. फक्त (११०) पृष्ठाची सममिती १८० अंशांची असल्याने तेथे दोन लंब दिशांतील रोध मुळातच वेगळा असू शकतो. सिंगापूरमधील संशोधकांनी २०१३ साली लँथॅनम ॲल्युमिनेट–स्ट्राँशियम टायटॅनेटच्या (११०) आंतरपृष्ठावर अशी विषमदिक् संवाहकता दाखवली होती.

चुंबकीय क्षेत्र लावले की हा नियम तसाच लागू होत नाही. प्रतलात क्षेत्र फिरवत रोध मोजला तर (१११) पृष्ठावर सहा पाकळ्यांचा, तर (००१) पृष्ठावर चार पाकळ्यांचा आलेख मिळू शकतो. असा आलेख स्फटिकाच्या सममितीचेच प्रतिबिंब असतो आणि त्यातून सममितीभंगाचा निष्कर्ष निघत नाही. क्षेत्राशिवाय दिसणारा दोन पाकळ्यांचा आलेख मात्र वेगळ्या अर्थाचा असतो.

आर्गॉनच्या २०२१ च्या प्रयोगाला म्हणून विशेष महत्त्व आले. युरोपियम ऑक्साइडचा थर असलेल्या (१११) नमुन्यांत [१ १ -२] आणि [१ -१ ०] या परस्परलंब दिशांतील रोध, तापमान अतिसंवाहकतेकडे उतरत असतानाच, एकमेकांपासून वेगळा होऊ लागला. तसाच फरक क्रांतिक चुंबकीय क्षेत्राच्या आसपासही दिसला. स्फटिकाची रचना त्रिकोणी असताना इलेक्ट्रॉनांनी जणू एक दिशा निवडली होती. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की, अतिसंवाहकता येण्यापूर्वी इलेक्ट्रॉन पट्ट्यांसारख्या रचनेत मांडले जातात.

## पर्यायी स्पष्टीकरणे

रोधातील दिशाभेद इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेतूनच आला, असे म्हणण्यापूर्वी इतर कारणे वगळावी लागतात. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

पृष्ठावरील पायऱ्या: कोणताही स्फटिक नेमक्या प्रतलात कापला जात नाही. अंशाच्या लहानशा भागाइतकी चूक झाली तरी पृष्ठावर अणूच्या उंचीच्या समांतर पायऱ्या तयार होतात. पायऱ्यांच्या दिशेने वाहणारा प्रवाह आणि त्या ओलांडून जाणारा प्रवाह यांना वेगवेगळा रोध होऊ शकतो.

स्फटिकातील जुळी क्षेत्रे: स्ट्राँशियम टायटॅनेट सुमारे १०५ केल्विनखाली घनाकार राहत नाही, एक अक्ष किंचित लांबतो. कोणता अक्ष लांबेल हे ठिकाणानुसार बदलते, त्यामुळे स्फटिकाचे तीन प्रकारच्या क्षेत्रांत तुकडे पडतात. २०१३ साली दोन स्वतंत्र गटांनी सूक्ष्म संवेदक फिरवून केलेल्या चित्रणात प्रवाह या क्षेत्रांना अनुसरून पट्ट्यापट्ट्यांनी वाहत असल्याचे दिसले. अशा नमुन्यात मिळणारा दिशाभेद क्षेत्रांच्या मांडणीतून येतो आणि नमुना तापवून पुन्हा थंड केला की तो बदलू शकतो. पोटॅशियम टँटालेट मात्र अतिशय कमी तापमानालाही घनाकारच राहतो. म्हणूनच त्यातील पट्ट्यांना हे स्पष्टीकरण लागू करता येत नाही, आणि म्हणूनच या वादात तो अधिक स्वच्छ साक्षीदार मानला जातो.

असमान थर: काही भाग आधी अतिसंवाहक झाला आणि त्याची सलग वाट योगायोगाने एका दिशेने जुळली, तर त्या दिशेचा रोध आधी शून्य होतो. एकसंध अतिसंवाहकाचे क्रांतिक तापमान एकच असते व ते प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून नसते. दोन दिशांना दोन क्रांतिक तापमाने मिळाली, तर थर कोणत्या ना कोणत्या अर्थाने पट्ट्यांत विभागला गेला आहे असाच त्याचा अर्थ होतो. ती विभागणी आकस्मिक आहे की पदार्थाच्या स्वभावातून आलेली, हे मात्र तेवढ्यावरून ठरत नाही.

लोहचुंबकाचा सहवास: युरोपियम ऑक्साइड सुमारे ६९ केल्विनखाली लोहचुंबकीय असतो. पोटॅशियम टँटालेटच्या (११०) पृष्ठावर त्याचा थर देऊन केलेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, इलेक्ट्रॉनांची घनता कमी असताना दोन लंब दिशांना वेगवेगळी क्रांतिक तापमाने आढळली. घनता जास्त असताना किंवा वरचा थर अचुंबकीय असताना हा भेद दिसला नाही. यावरून या पट्ट्यांमागे वरच्या थराच्या चुंबकत्वाचा हात आहे, असे मत मांडण्यात आले.

## मापनपद्धती

दिशाभेद मोजताना मापनाची पद्धतच फसवू शकते. चौरस नमुन्याच्या चार कोपऱ्यांना तारा जोडून केलेल्या मापनात प्रवाह सर्वत्र पसरतो आणि रोधातील लहान फरकही फुगवून दिसतो. म्हणून एकाच स्फटिकावर ठरावीक दिशांना अरुंद पट्ट्या कोरून प्रत्येकीचा रोध स्वतंत्रपणे मोजला जातो. दोनच दिशा घेतल्या तर दोन पट्ट्यांच्या गुणवत्तेतील फरक दिशाभेद म्हणून गणला जाण्याचा धोका राहतो. अनेक दिशांना कोरलेल्या पट्ट्यांची मूल्ये कोनाच्या दुपटीच्या वक्रावर बसली, तर तो धोका बराच कमी होतो.

दुसरी कसोटी आडव्या विद्युत दाबाची आहे. विषमदिक् थरात प्रवाह मुख्य अक्षांशी तिरपा वाहत असेल, तर चुंबकीय क्षेत्र नसतानाही प्रवाहाला लंब दिशेने विद्युत दाब निर्माण होतो. समदिक् थरात तो शून्य असतो. हा दाब एकाच पट्टीवर मोजता येत असल्याने निरनिराळ्या पट्ट्यांच्या तुलनेची गरज उरत नाही.

तिसरी कसोटी इलेक्ट्रॉनांची संख्या बदलण्याची आहे. आंतरपृष्ठावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा लाख कोटींपासून एक कोटी कोटींपर्यंत इलेक्ट्रॉन असतात. विद्युत दाब देऊन त्यांची संख्या किंवा स्फटिकातील त्यांची खोली बदलली, तरी पृष्ठावरील पायऱ्या जागच्या जागी राहतात. अशा वेळी दिशाभेदाचा मुख्य अक्ष वळला किंवा भेद नाहीसा झाला, तर त्याचे मूळ केवळ पायऱ्यांत असणे अवघड ठरते.

## महत्त्व

अतिसंवाहकतेच्या जवळपास इलेक्ट्रॉनांनी पट्ट्यांत मांडले जाणे किंवा एक दिशा निवडणे ही घटना ताम्रयुक्त ऑक्साइड आणि लोहयुक्त अतिसंवाहक या कुळांतही अभ्यासली गेली आहे. ही प्रवृत्ती अतिसंवाहकतेला साहाय्य करते की तिच्याशी स्पर्धा करते, हा पदार्थविज्ञानातील महत्त्वाचा प्रश्न आहे. त्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांची संख्या बदलण्यासाठी सहसा रासायनिक घटक बदलावे लागतात व प्रत्येक वेळी नवा नमुना लागतो. ऑक्साइड आंतरपृष्ठावर तेच काम एकाच नमुन्यात, केवळ विद्युत दाब बदलून करता येते.

पोटॅशियम टँटालेटच्या (१११) पृष्ठावरील दिशाभेद इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा असेल, तर स्फटिकाच्या सममितीपेक्षा कमी सममिती असलेल्या अतिसंवाहकाचे ते एक सुटसुटीत उदाहरण ठरेल. तो बाह्य कारणांचा परिणाम असेल, तर अतिसंवाहकतेच्या उंबरठ्यावरील द्विमितीय थर पायऱ्या, ताण व शेजारच्या चुंबकीय थराला किती संवेदनशील असतो हे त्यातून कळते. दोन्ही परिस्थितींत एक गोष्ट व्यवहारात उपयोगी ठरते: रासायनिक घटक तेच ठेवून केवळ कापाची दिशा बदलल्याने पदार्थ अतिसंवाहक होतो की नाही हे ठरू शकते. विद्युत दाबाने नियंत्रित होणारी अतिसंवाहक उपकरणे बनवताना स्फटिकाचे पृष्ठ आणि त्यावरील मार्गिकेची दिशा या दोन्ही गोष्टी म्हणूनच आरेखनाचा भाग ठरतात.

## हे सुद्धा पहा

अतिसंवाहकता
पेरोव्हस्काइट
स्फटिकविज्ञान
सममिती
लोहचुंबकत्व